कोडमधल्या कमेंटांत दुबार पडलेले शब्द: शोध आणि दुरुस्ती

कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपेत, म्हणजे कमेंटमध्ये, ‘द द’ किंवा ‘टू टू’ असा एकच शब्द लागोपाठ दोनदा पडला, तरी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. चाचण्या पास होतात, प्रोग्राम चालतो आणि ती चूक पुढची दहा वर्षे तशीच राहू शकते. स्पेलिंग तपासणाऱ्या साधनांनाही ती बहुधा दिसत नाही, कारण दोन्ही शब्द सुटे पाहिले तर अचूकच असतात. ‘कोडस्पेल’सारखे लोकप्रिय साधन चुकीच्या स्पेलिंगांच्या यादीशी एकेक शब्द ताडून पाहते, शेजारी कोणता शब्द बसला आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून अशा चुकांचा शोध वेगळा घ्यावा लागतो. शोधणे सोपे आहे. दुरुस्ती मात्र वाटते तितकी सोपी नाही, कारण दोनपैकी एक शब्द खोडला की काम झाले, ही समजूत बऱ्याचदा चुकीची ठरते.

शब्द दुबार का पडतो, हे आधी पाहणे उपयोगाचे आहे. लिहिणाऱ्याने वाक्य अर्ध्यात बदललेले असते आणि जुन्या वाक्याची शेपटी नव्याला चिकटून राहते. कोडच्या दोन शाखा, म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या बदललेल्या प्रती, एकत्र करताना दोघांच्या ओळींचे तुकडे शेजारी येतात. ओळीच्या शेवटी एक शब्द लिहून पुढच्या ओळीवर गेलेला हात तोच शब्द पुन्हा उमटवतो, आणि वाचताना डोळा ओळीवरून ओळीवर उडी मारत असल्याने तो तिथे कोणालाच दिसत नाही. चौथा प्रकार सर्वांत फसवा असतो: लिहायचा असतो ‘इफ इट’ आणि लिहिला जातो ‘इट इट’. येथे एक शब्द जास्त झालेला नसून दुसराच एक शब्द हरवलेला असतो.

पुण्यात हे काम नवे नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. नकलकाराची नजर सरकल्याने अक्षर, शब्द किंवा ओळ दुबार उतरणे हा हस्तलिखितांतला नेहमीचा दोष आहे, आणि तो आढळला की नकलकाराच्या समोर मुळात काय होते याचा विचार केल्याशिवाय संपादक पाठ ठरवत नाही. कमेंट दुरुस्त करतानाही हीच शिस्त हवी.

शोध घेणे

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन, अर्थात मजकुराचा नमुना सांगणारे सूत्र. त्याचा आकार असा: शब्दाची सीमा, कंसात एक शब्द, त्यानंतर मोकळी जागा, मग कंसात सापडलेला तोच शब्द पुन्हा, आणि शेवटी परत शब्दाची सीमा. चिन्हांच्या भाषेत सांगायचे तर लहान बी, कंसात डब्ल्यू आणि अधिक चिन्ह, एस आणि अधिक चिन्ह, एकाचा आकडा आणि पुन्हा लहान बी. यातील प्रत्येक अक्षराच्या व आकड्याच्या आधी उलटी तिरपी रेघ येते. दोन टोकांच्या सीमा विसरू नयेत. त्या नसतील तर इंग्रजीतील ‘धिस इज’ हे निर्दोष शब्दसुद्धा पकडले जातात, कारण पहिल्या शब्दाची शेवटची दोन अक्षरे आणि पूर्ण दुसरा शब्द एकच असतात, आणि मग खऱ्या चुका शेकडो खोट्या चुकांखाली गाडल्या जातात. वाक्याच्या आरंभी पहिला शब्द मोठ्या लिपीत आणि दुसरा लहान लिपीत असतो, म्हणून लहान-मोठ्या लिपीतील भेद दुर्लक्षित करण्याचा पर्यायही चालू ठेवावा.

येथे एक तांत्रिक अडचण येते. आकड्याने मागे बोट दाखवणारी ही सोय शोध चालवणाऱ्या प्रत्येक इंजिनात नसते. लिनक्सवरील ग्नू ग्रेप या शोधसाधनात ती आहे. गो भाषेचे रेग्युलर एक्सप्रेशनचे पॅकेज मात्र ती मुद्दाम टाळते, कारण ती असली की शोधाला लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात राहील याची हमी देता येत नाही. रिपग्रेप या दुसऱ्या शोधसाधनाच्या मूळ इंजिनातही ती नाही. तेथे पीसीआरई-२ हे दुसरे इंजिन निवडण्याचा पर्याय द्यावा लागतो. ‘शोध चालवला, काहीच सापडले नाही’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या साधनाने शोधले आणि त्याने काही तक्रार केली होती का, हे मी आधी विचारतो.

दुसरी अडचण मोठी आहे. ग्रेप एका वेळी एकच ओळ पाहते, आणि सर्वांत जास्त काळ टिकून राहिलेल्या चुका तर दोन ओळींच्या सांध्यावरच असतात. त्यासाठी पर्ल ही भाषा वापरावी. उणे चिन्हानंतर शून्य, सात, सात, सात असा पर्याय दिला की पर्ल संपूर्ण फाइल एकदम वाचते. मग दोन शब्दांच्या मध्ये केवळ मोकळी जागा न मागता नवी ओळ, तिच्या आरंभीची जागा आणि असल्यास कमेंटचे चिन्ह, म्हणजे तारका, दुहेरी तिरपी रेघ किंवा हॅश, एवढे सगळे चालेल असे लिहावे. नवी ओळ असलीच पाहिजे, ही अट मात्र सैल करू नये. ती सैल केली की कोडमधील गुणाकार-भागाकारही पकडले जातात. रुंदी गुणिले रुंदी म्हणजे दुबार शब्द, असे साधन सांगू लागते. एकाच ओळीवरचे आणि सांध्यावरचे असे दोन शोध वेगवेगळे चालवणे मला सोयीचे वाटते, कारण दोन्हींचा निकाल वाचण्याची पद्धत वेगळी आहे.

सी भाषेत पॅच, म्हणजे पाठवायचा बदल, तपासायचा असेल तर लिनक्स कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येणारी ‘चेकपॅच’ ही पर्ल स्क्रिप्ट तयारच आहे. दुबार शब्दांची तपासणी तिच्यात २०२० मध्ये आली, आणि तिला जे अपवाद जोडावे लागले ते वाचण्यासारखे आहेत. ‘लाँग लाँग’ हा सी भाषेतील पूर्णांकाचा प्रकार आहे, म्हणून तो वगळला. हेक्साडेसिमल (सोळा-आधारी) पद्धतीने छापलेल्या बाइटांमधील ‘एफएफ एफएफ’ वगळले. फाइलींच्या यादीत मालक आणि गट म्हणून शेजारी येणारे ‘रूट रूट’ वगळले. आपण स्वतःची स्क्रिप्ट लिहिली तरी याच वळणांवर ठेच लागते. गो भाषेत काम करणाऱ्यांसाठी गोलँगसीआय-लिंटमध्ये ‘डुपवर्ड’ नावाचा तपासनीस आहे. दस्तऐवजांसाठी ‘वेल’ वापरणाऱ्यांना त्यातच पुनरावृत्तीचा नियम लिहिता येतो. पाचपंचवीस फाइलींच्या प्रकल्पासाठी यातले काहीही बसवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तेथे ग्रेप आणि पर्ल पुरे.

कमेंट मराठीत असेल तर

हा भाग मी अनुभवातून लिहितो आहे. कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या मासिक देखभाल-खर्चाचा हिशेब एका छोट्या पायथन प्रोग्रामवर चालतो. पुढे तो कोणाच्या हाती जाईल ते ठाऊक नसल्याने त्यातील सर्व कमेंट मी मराठीत लिहिल्या आहेत. वरचाच शोध पायथनमधून त्यावर चालवला, तेव्हा पहिलीच ‘चूक’ निघाली ती ‘फाइलचे नाव वाचून’ या निर्दोष शब्दांत. कारण असे की पायथनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्दाचे अक्षर म्हणजे मुळाक्षर किंवा अंक. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताचे चिन्ह त्यात धरलेले नाही. त्यामुळे ‘नाव’मधील काना संपताच त्याच्या लेखी नवा शब्द सुरू होतो, तो ‘व’, पुढे जागा, मग ‘वाचून’मधील ‘व’, आणि लगेच काना आल्याने शब्द संपला. ‘व व’ अशी जोडी त्याला मिळाली. ‘काम मागे’, ‘रोज जुनी’, अशा कितीतरी जोड्यांवर तो असाच अडखळतो. त्यावर उपाय दोन. पायथनसाठी ‘रेजेक्स’ नावाचे स्वतंत्र मॉड्यूल मिळते, ते स्वरचिन्हांना शब्दाचाच भाग मानते. किंवा सरळ पर्ल वापरावे आणि मजकूर यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत आहे हे त्याला स्पष्ट सांगावे.

याच्या उलटही घडते: शब्द दुबार असतो आणि साधनाला तो दिसत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र कोणी नुक्ता असलेल्या अक्षराने लिहितो, तर कोणी साध्या र नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन लिहितो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण आतले संकेतांक वेगळे असल्याने जुळणी होत नाही. युनिकोडचे सामान्यीकरण केले की र आणि सुटा नुक्ता यांचे एक अक्षर होते. अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार मात्र त्याने सुटत नाही, तो आपणच बदलून घ्यावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मराठीत शब्द दुबार येणे ही मुळात चूकच नाही. शाळेत शिकलेले अभ्यस्त शब्द आठवावेत. ‘पुन्हा पुन्हा’, ‘कधी कधी’, ‘एक एक’, ‘जाता जाता’, ‘ज्या ज्या सदनिकेची थकबाकी आहे त्या त्या सदनिकेला’ ही सगळी शुद्ध मराठी आहे. इंग्रजीत दुबार शब्द दिसला की तो चूक समजावा आणि मोजक्या अपवादांची यादी ठेवावी, हे चालते. मराठीत हीच पद्धत वापरली तर अपवादांची यादी संपतच नाही. म्हणून येथे उलट करावे: ज्यांची द्विरुक्ती जवळजवळ कधीच अर्थपूर्ण नसते अशा शब्दांची यादी ठेवावी आणि तेवढेच शोधावेत. माझ्या यादीत ‘आणि’, ‘किंवा’, ‘आहे’, ‘नाही’, ‘म्हणून’, ‘साठी’, ‘या’, ‘हे’ आणि ‘तर’ एवढे शब्द आहेत. त्यातही ‘नाही नाही’ एखाद्याच्या बोलण्यात येईल, पण हिशेबाच्या प्रोग्राममध्ये तो आला तर मी नक्की थांबून पाहतो.

प्रत्येक जागा वाचणे

यादी हाती आली की प्रत्येक जागी पूर्ण वाक्य वाचावे, आणि वाक्यावरून उलगडा होत नसेल तर त्याखालचे कोड वाचावे. बहुतेक ठिकाणी एक शब्द काढला की काम होते. उरलेल्या ठिकाणी तसे होत नाही. ‘इट इट इज नल’ यातील एक ‘इट’ काढला तर ‘ते नल (रिकामे) आहे’ असे ठाम विधान तयार होते, आणि लिहिणाऱ्याला म्हणायचे होते ‘ते नल असेल तर’. ‘द फाइल इन इन यूज’ यात एक ‘इन’ काढून वाक्य अपुरेच राहते. तेथे पहिला ‘इन’ हा ‘इज’ असायला हवा. ‘द द’ हा कधी नुसता ‘द’ असतो, तर कधी ‘टू द’ किंवा ‘दॅट द’. इंग्रजीतील हे छोटे शब्द एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की बोटे नेमकी तेथेच घसरतात.

‘नॉट नॉट सेफ’ असे कुठे दिसले तर हात आखडता घ्यावा. एक नकार काढून ‘सुरक्षित नाही’ करायचे, की लिहिणाऱ्याने आधीचा नकार खोडायचा ठरवून वाक्य अर्धवट सोडले होते? हे कोडच सांगू शकते. कमेंट वाचून पुढचा माणूस लॉक (दोघांनी एकाच वेळी डेटा बदलू नये म्हणून घ्यायचे कुलूप) न घेता फंक्शन बोलावणार असेल, तर ही दुरुस्ती केवळ भाषेची राहत नाही.

अशा वेळी कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास कामाला येतो. गिट ब्लेमने ती ओळ कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, आली ते कळते, आणि गिट लॉगला मोठ्या लिपीतील एल हा पर्याय देऊन ओळींचा पल्ला सांगितला की त्या ओळींचा सगळा प्रवास क्रमाने दिसतो. बदलाच्या आधीचे वाक्य समोर आले की कोणती शेपटी चिकटली आहे ते दोन मिनिटांत समजते.

काही जोड्या जशाच्या तशा ठेवाव्यात. ‘हॅड हॅड’ आणि ‘दॅट दॅट’ इंग्रजी व्याकरणात बसतात. वाचकाला अडखळायला होत असेल तर वाक्य वेगळे लिहावे, पण ते काम या कमिटचे नाही. ‘इन इन-मेमरी कॅश’ यातील दोन्ही ‘इन’ योग्य आहेत, कारण दुसरा जोडशब्दाचा भाग आहे. जावामध्ये ‘कलर’ या प्रकाराचे ‘कलर’ नावाचे चल असते, तेही लिपीभेद दुर्लक्षित केल्यामुळे यादीत येते.

ज्यांच्या वाटेला जाऊ नये

माझी एक चूक येथे सांगतो. हिंजवडीतील एका कंपनीत असताना अशा दोनेकशे जागांची यादी पाहून मला वाचण्याचा कंटाळा आला, आणि सेड या शोधून बदलणाऱ्या साधनाने सर्व फाइलींवर एकदम बदल चालवला. त्यात कोडमधील ‘लाँग लाँग’चे ‘लाँग’ झाले. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ही चौसष्ट बिटांचाच असतो, त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या चाचण्या हिरव्या राहिल्या. विंडोजवर ‘लाँग’ बत्तीस बिटांचा असतो. मोठ्या फाइलींचे आकारमान तेथे चुकू लागले, आणि ‘कमेंटमधील टायपो’ असे नाव असलेल्या कमिटकडे तीन दिवस कोणी संशयाने पाहिलेच नाही.

तेव्हापासून मी आपोआप बदल चालवत नाही आणि शोधसुद्धा शक्यतो फक्त कमेंटांपुरता मर्यादित ठेवतो. पायथनच्या ‘टोकनाइझ’ मॉड्यूलमधून कमेंट वेगळ्या काढता येतात. इतर भाषांसाठी ‘ट्री-सिटर’ वापरता येते. अवतरणचिन्हांतील मजकूर वेगळा ठेवावा. तो वापरकर्त्याला दिसतो, एखादी चाचणी तो अक्षरशः ताडून पाहत असते, आणि गेटटेक्स्टसारख्या भाषांतराच्या व्यवस्थेत मूळ वाक्य बदलले की त्याचे प्रत्येक भाषेतील भाषांतर पुन्हा तपासण्यासाठी अनिश्चित ठरते. दुसऱ्या प्रकल्पातून आणून ठेवलेले कोड, यंत्राने निर्माण केलेल्या फाइली, परवान्याचा मजकूर आणि चाचण्यांसाठी मुद्दाम चुकीचा ठेवलेला नमुना यांनाही हात लावू नये. आणलेल्या कोडमधील चूक मूळ प्रकल्पाला कळवावी, नाहीतर पुढच्या अद्ययावत आवृत्तीबरोबर ती परत येते. पायथनमधील डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या आरंभीचे वर्णन) दिसते कमेंटसारखी, पण ती खरी स्ट्रिंग, म्हणजे प्रोग्रामला दिसणारा मजकूर, असते आणि तिच्यात डॉकटेस्टची, म्हणजे चालवून तपासली जाणारी, उदाहरणेही असू शकतात, म्हणून तेथे चाचण्या चालवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बदल करणे आणि तपासणे

शब्द ओळींच्या सांध्यावर असेल तर वरच्या ओळीच्या शेवटचा किंवा खालच्या ओळीच्या आरंभीचा, कोणताही एक काढावा, आणि परिच्छेद पुन्हा जुळवण्याचा मोह टाळावा. एका ओळीचा बदल रिव्ह्यू करणाऱ्याला एका नजरेत कळतो. सात ओळी सरकल्या की त्याला सातही वाचाव्या लागतात. ओळींची संख्या तीच राहिली, तर आणखी एक फायदा मिळतो. सी भाषेत बदलाआधी आणि बदलानंतर त्याच पर्यायांनी कंपाइल करून ऑब्जेक्ट फाइली ताडून पाहिल्या की त्या सामान्यतः तंतोतंत सारख्या निघतात, आणि कोडला धक्का लागला नाही याचा तो पक्का पुरावा ठरतो. पायथनमध्ये वाक्यरचनेचे झाड दोन्ही वेळा छापून ताडावे. कमेंट त्यात येत नाहीत, डॉकस्ट्रिंग येतात.

गिट डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांतील फरक, शब्दांच्या पातळीवर दाखवण्याचा पर्याय आहे, तो कमिट करण्यापूर्वी एकदा जरूर वापरावा. नेमका कोणता शब्द गेला ते कंसात दिसते, आणि नजरचुकीने शेजारचे विरामचिन्ह गेले असेल तर तेही दिसते. कमिटमध्ये दुसरा कोणताही बदल मिसळू नये. अशा कमिटमुळे गिट ब्लेममध्ये शेकडो ओळींवर आपले नाव दिसू लागले तर सहकारी वैतागतात. गिटच्या ऑगस्ट २०१९ मधील २.२३ या आवृत्तीपासून ठरावीक कमिट ब्लेममधून वगळण्याची सोय आहे, तिच्या यादीत हे कमिट घालावे. आणि कमिटचा संदेश पाठवण्याआधी त्यातच एखादा शब्द दुबार पडलेला नाही ना, हे पाहावे. मी तसा संदेश एकदा पाठवलेला आहे.

दुसऱ्याच्या प्रकल्पाला पाठवायचे असेल तर त्यांचे नियम आधी वाचावेत. लिनक्स कर्नलमध्ये पॅच कोणाकडे जावा हे सांगणारी ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट आहे, विषयाच्या ओळीत संबंधित उपव्यवस्थेचे नाव लागते, आणि शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ लागते. काही प्रकल्प निव्वळ टायपोंचे पॅच घेत नाहीत, आणि त्याला कारण आहे. २०२० च्या ‘हॅकटोबरफेस्ट’ या ऑक्टोबरमधील मुक्त-कोड उपक्रमात टी-शर्टासाठी निरर्थक पुल रिक्वेस्टांचा (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा) इतका पूर आला, की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला तेवढ्यांचेच बदल धरायचे, असे ठरवावे लागले. ऑक्टोबर आला की पुण्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी पहिला पॅच कोणता पाठवावा असे विचारतात, तेव्हा मी त्यांना दुबार शब्द सुचवतो. पण एका शब्दाची एक अशा वीस रिक्वेस्टा पाठवू नका, एका विभागातील सगळ्या जागा वाचून एकच पाठवा, आणि ज्या जागी शब्द काढण्याऐवजी बदलला तेथे का बदलला ते एका ओळीत लिहा, असेही सांगतो. रिव्ह्यू करणारा आधी तीच ओळ पाहतो.

एकदा सफाई झाली की पुढची तपासणी फक्त नव्याने आलेल्या ओळींवर ठेवावी. कमिटपूर्व हुकमध्ये, म्हणजे कमिट होण्याआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, डिफमधील अधिक चिन्हाच्या ओळी घेऊन वरचाच शोध चालवला की पुरते. या तपासणीने कमिट अडवू नये, केवळ इशारा द्यावा. शुक्रवारी संध्याकाळी ‘इन इन-मेमरी’साठी कमिट अडले, तर सोमवारपर्यंत कोणीतरी ती तपासणीच काढून टाकतो.